कसेल त्याची जमीन, पण ‘कसणे’ म्हणजे काय?

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यात काही अवघड असेल असं वाटतच नाही. जो राबतो त्याची जमीन, झालं. पण ही घोषणा घेऊन एखाद्या शिवारात जा आणि एकाच तुकड्याकडे बोट दाखवून विचारा, हा कोण कसतं? सातबाऱ्यावर नाव थोरल्या भावाचं, आणि तो नोकरीला शहरात. औतपाणी बघतो सालगडी, गुढीपाडव्याला साल ठरवून राहिलेला. निंदणी-खुरपणीला बायका येतात, रोजाने. बांधापलीकडचं रान निम्म्याने दिलंय. बी-खत अर्धं-अर्धं, अंगमेहनत वाटेकऱ्याची. पेरणीला पैसा सोसायटीच्या कर्जातून आलेला. आता कसणारा कोण? निदान चार जण पुढे येतील, आणि चौघांचंही काही ना काही खरं असेल.

जमीन, गरिबी आणि शेती यांबद्दल जे तत्त्वज्ञान मांडलं गेलं त्यातला बराचसा भाग, मला वाटतं, या एका क्रियापदाभोवती फिरतो. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

मेहनत केली त्याचं शेत, हा विचार फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक ओळ येते: शेत त्याचं, ज्याने झाडोरा तोडून ते साफ केलं, आणि हरीण त्याचं, ज्याचा बाण आधी लागला. गंमत अशी, की तिथे चर्चा जमिनीची चाललेलीच नाही. मूल कोणाचं, हा वाद चालू आहे आणि शेताची गोष्ट नुसती दाखला म्हणून येते. दाखला देताना आपण सगळ्यांना पटलेली गोष्ट घेतो. म्हणजे रान मोडून शेत करणाऱ्याचा हक्क तेव्हाही वादाचा विषय नसावा.

युरोपात हाच विचार पद्धतशीर मांडला तो इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने, १६८९ साली. त्याचं म्हणणं साधं आहे. जग सगळ्यांना मिळून मिळालेलं आहे, पण माझं शरीर माझं आणि माझ्या हातांचं कामही माझं. मी पडीक जमिनीत काम ओतलं की माझं असलेलं काहीतरी तिच्यात मिसळतं, म्हणून ती जमीन माझी होते. त्याला त्याने एक अटही घातली: इतरांसाठी तितकीच चांगली आणि पुरेशी जमीन शिल्लक राहिली पाहिजे. ही अट लोक सोयीने विसरतात. गावात शिल्लक जमीनच उरली नसेल, तर पहिल्याची मालकी नंतर जन्मलेल्यांनी का मानायची, या प्रश्नाला लॉकच्या हिशेबात सरळ उत्तर मिळत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. आपली मालकी कशी तयार होते हे सांगताना लॉक तीन उदाहरणं एका दमात देतो: माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली हरळीची ढेपळं आणि मी स्वतः खणलेलं खनिज. ही तिन्ही माझी. घोडा आणि नोकर एकाच ओळीत आले आहेत. ज्याच्या हाताने काम झालं त्याची मालकी, असं म्हणता म्हणता त्याने गड्याचे हात हळूच मालकाच्या खात्यावर टाकले. मजुरी दिली की मजुराची मेहनत ही मालकाची मेहनत.

आता तिथून थेट आपल्या कुळकायद्यात येऊ. (कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणारा.) मुंबई राज्याचा कूळवहिवाट कायदा १९४८चा. १९५६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेलं कूळ कायद्याने तिचं खरेदीदार मानलं गेलं. (विदर्भात आणि मराठवाड्यात वेगळे कायदे होते.) देशभरातल्या जमीनसुधारणांत हे पाऊल धाडसी होतं, यात शंका नाही. वाडवडील ज्या रानात खंड भरत आले, ते रान शेतसाऱ्याच्या वीस ते दोनशे पट किमतीत, तेही हप्त्यांनी, कुळाच्या नावावर होणार होतं. आजही कित्येक सातबाऱ्यांवर ‘इतर अधिकार’च्या रकान्यात ‘कुळकायदा कलम ४३ ला पात्र’ अशी नोंद दिसते. ती या घटनेची खूण आहे.

पण याच कायद्यात ‘जातीने कसणे’, म्हणजे स्वतः कसणे, याची व्याख्या आहे आणि ती तीन प्रकारांना मान्यता देते. स्वतःच्या कष्टाने कसणे, कुटुंबातल्या माणसांच्या कष्टाने कसणे, आणि तिसरा प्रकार म्हणजे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणे. मजुरी रोख असो की धान्यात. पिकाचा हिस्सा मात्र द्यायचा नाही. लॉकचा नोकर आणि त्याची ढेपळं इथे मराठी शिवारात उतरली. बांधावर उभं राहून ‘ए, तिकडं बघ’ म्हणणं हेही कायद्याने कसणंच ठरलं.

याचा परिणाम काय होतो ते नीट पाहा. वाट्याने राबणारा माणूस कूळ ठरू शकतो, म्हणून मालकाला धोका त्याचा. तोच माणूस सालगडी झाला, तर राबणं तेच, रान तेच, उन्हात उभं राहणंही तेच. पण आता मालक ‘जातीने कसतो’. त्यात मालकाला जातीने कसण्यासाठी जमीन परत मागण्याची मुभा होती. त्याची नोटीस ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत द्यायची होती. शिवाय कुळांनी ‘स्वखुशीने’ राजीनामे दिल्याच्या नोंदी होत राहिल्या. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे मूळ कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ साली निघाला आणि कागदावर संरक्षण असूनही कुळांच्या हातून जमिनी कशा सुटत होत्या ते त्यात दिसलं. ही स्वखुशी कसली, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच व्याख्येला जोडून आणखी एक कलम आहे. विधवा, अज्ञान मूल, अपंग व्यक्ती किंवा सैन्यातला माणूस यांची जमीन कुळाकडे असली तरी ते ती जातीने कसतात असं धरायचं. हेतू चांगलाच होता, निराधारांची जमीन जाऊ नये. पण त्यामागे गृहीत काय आहे? बाई शेत कसू शकत नाही. श्रावणात कोणत्याही रानात जाऊन पाहा, वाकलेल्या पाठी कोणाच्या असतात! लावणी, निंदणी, वेचणी ही कामं बायकांची, आणि औत धरणं पुरुषाचं. आपल्या भाषेत ‘कसणे’ हा शब्द औताला चिकटला, खुरप्याला चिकटलाच नाही. १९९०च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, घरधनिणीच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्या म्हणून. ती हाक मुळात या क्रियापदाची दुरुस्ती होती, असं मला वाटतं.

कसण्याची ताकद कसायचं नाकारूनही दाखवता येते. अलिबाग तालुक्यातलं चरी हे गाव त्याचा पुरावा. कोकणात खोतीची पद्धत होती. खोत हा सरकार आणि कुळ यांच्यामधला वसुली करणारा, आणि मक्त्याच्या नावाखाली पिकाचा मोठा भाग त्याच्या घरी जायचा. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं, शेतं पेरायचीच नाहीत. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे खाचरं मोकळी पडली. माणसं सरपण विकून, मिळेल ती मजुरी करून जगली. खोताच्या नावाचा कागद जागेवरच होता, पण जमिनीतून दाणा येईना. मालकी कागदाने येते की मेहनतीने, हा वाद त्यांनी पुस्तकाशिवाय निकाली काढून दाखवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्याला या संपाची पार्श्वभूमी होती.

इथवर एकच उत्तर पाहिलं: मेहनतीतून मालकी. दुसरं उत्तर म्हणतं, पीक काही नुसत्या मेहनतीने येत नाही. काळ्या रानात आणि माळावर सारखंच राबा, पदरात पडणारं सारखं नसतं. तो वरचा फरक कोणाचा?

डेव्हिड रिकार्डो या अर्थतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या फरकाला ‘खंड’ म्हटलं. सगळ्यात हलक्या जमिनीत जेमतेम खर्च निघतो. चांगल्या जमिनीत त्याहून जास्त जे निघतं ते मालकाच्या कष्टाचं फळ नव्हे, ते जमिनीच्या कसाचं. मग ते सरकारने घेतलं तर कोणाचं काही हिरावलं जात नाही. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत बसलेल्या जेम्स मिल या विचारवंताला हे फारच पटलं. आणि हा विचार प्रत्यक्ष कुठे राबवून पाहिला गेला? पुणे जिल्ह्यात. इंग्लंडात माल्थस या अर्थतज्ज्ञाकडे शिकलेला प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी १८२०च्या दशकात इथे मोजणीला लागला. जमिनीचे वर्ग पाडायचे, खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती ते काढायचं आणि त्याच्या ५५ टक्के सारा धरायचा. कागदावर हिशेब देखणा होता. पण निव्वळ उत्पन्नाचे आकडे काढणारे खालचे कारकून, पाऊस भरवशाचा नाही, त्यात धान्याचे भाव पडलेले. साऱ्याचं ओझं इतकं झालं की लोक रानं टाकून निघून गेले. पुढे १८३५-३६च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी सुरू केली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी बांधून दिला. सातबाऱ्यावर आज ‘आकार’ म्हणून रुपये-पैशांत जी किरकोळ रक्कम दिसते, तिची वंशावळ तिथवर जाते. कुळाने द्यायची किंमत ‘आकाराच्या इतके पट’ अशी ठरली, तीही याच वंशावळीतून.

रिकार्डोचा धागा अमेरिकेत हेन्री जॉर्जने १८७९ साली पकडला. तो म्हणाला, मालकाने विहीर पाडली, ताल घातली, झाडं लावली, तर त्याचं फळ त्याचं. त्यावर कर नको. पण शेजारून रस्ता गेला आणि जमिनीचा भाव दसपट झाला, त्यात मालकाने काय केलं? ती वाढ समाजाने घडवली, ती समाजाने करातून परत घ्यावी. हे वाचून हसू येण्याआधी हमरस्त्याकाठचं एखादं बिगरशेती झालेलं रान आठवून पाहा. तीस वर्षं ज्वारीने जे दिलं नाही ते एका मोजणी नकाशाने दिलेलं असतं. माझ्या मते जॉर्जचं हे निदान अगदी नेमकं आहे. त्याचं औषध मात्र कुठलंच सरकार धड पाजू शकलेलं नाही, कारण जमिनी असणारेच कायदे करतात.

आता गरिबीकडे येऊ. जमीन नावावर झाली की दारिद्र्य जाईल, हे गृहीत धरलं जातं. महाराष्ट्रात ते पहिल्यांदा खोटं ठरलं रयतवारीतच. रयतवारीत मध्ये जमीनदार नव्हता, कुणबी थेट सरकारचा खातेदार होता. तरीही मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. नावावर जमीन होती, पण सारा भरायला कर्ज, कर्जाला कागद, आणि कागद वाचता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याच्या दैन्यावर जे लिहिलं त्याचा गाभा हाच आहे. ते मालकीच्या प्रश्नापाशी थांबत नाहीत. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नाही म्हणून कचेरीतला कारकून, कोर्टातला वकील आणि सावकार त्याला तिघे मिळून नागवतात. जंगलखात्याने गायराने आणि डोंगर बंद केले म्हणून जनावरं मेली. जनावरं गेली म्हणून खत गेलं आणि खत गेलं म्हणून जमिनीचा कस गेला. अशी ही साखळी. आणि उपाय सांगताना ते अगदी मातीत उतरतात: ताली-बांध घाला, तलाव बांधा, चांगल्या वळूंची पैदास करा, शेतकऱ्यांच्या पोरांना शेतीचं शिक्षण द्या. पाणलोट हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

फुल्यांनंतर या विषयात सगळ्यात धारदार लिहिणारे, माझ्या लेखी, आंबेडकर. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी लहान धारणक्षेत्रांवर एक इंग्रजी निबंध लिहिला. तेव्हा सगळ्यांचा सूर एकच होता: जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तुकडे जोडा. आंबेडकरांनी उलटा प्रश्न विचारला. तुकडा लहान हे ठरवलं कशावरून? नुसत्या एकरांवरून? शेताचं माप एकरांत नसतं. त्यावर किती बैल, किती अवजारं, किती भांडवल आणि किती माणसं आहेत यावर ते ठरतं. एक बैलजोडी नसलेल्याला तीन एकरही जास्त आणि मोट-बैल-खत असलेल्याला तीन एकरात सोनं. भांडवलच घटत चाललं असेल तर आहेत ती शेतंसुद्धा मोठी आहेत, असं ते धडधडीत म्हणाले! खरं दुखणं त्यांच्या मते असं, की शेतीवर गरजेपेक्षा फार जास्त माणसं बसलेली आहेत. ती कामाशिवाय खातात, त्यामुळे शिल्लक राहत नाही, शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही. उपाय शेतीच्या बाहेर, कारखान्यांत.

महाराष्ट्रात सरासरी वहितीचं क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ सालीच झाला, १९७५ साली तो आणखी कडक झाला. बारमाही बागायत अठरा एकर आणि जिरायत चौपन्न एकर अशी कुटुंबाची मर्यादा. वरून काढून खाली वाटायला त्यात जेवढं मिळालं, त्याच्यापेक्षा वाटण्या वेगाने झाल्या. ठिबक आणि शेततळं असलेल्या एकरातलं द्राक्ष आणि कोरड्या पाच एकरांतला कापूस शेजारी शेजारी ठेवून पाहिले की १९१८चा तो निबंध अजून ताजा वाटतो.

१९४७ साली मात्र आंबेडकर याहून पुढे गेले. संविधानसभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी सुचवलं, की शेती हा सरकारी उद्योग करा. जमीन मोबदला देऊन सरकारने ताब्यात घ्यावी, ठरावीक आकाराची शेतं पाडावीत आणि गावातल्या कुटुंबांच्या गटांना सामूहिक कसायला द्यावीत. बी-बियाणं, जनावरं, भांडवल सरकारने पुरवावं. मग जमीनदार नाही, कूळ नाही आणि भूमिहीन मजूरही नाही. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: तुकडेजोड आणि कुळकायदे यांचा सहा कोटी अस्पृश्यांना काही उपयोग नाही, ते मुळात कूळसुद्धा नाहीत, नुसते मजूर आहेत. कुळकायद्यातली ती ‘देखरेखीखाली’वाली व्याख्या पुन्हा वाचा म्हणजे हे भाकीत किती अचूक होतं ते कळतं. सरकारी शेती प्रत्यक्षात कशी चालली असती याबद्दल मला शंका आहे; तलाठी कार्यालयाची पायरी चढलेल्या कोणालाही ती येईल. पण मजूर या चौकटीत कुठे बसतो, हा प्रश्न त्यांच्याइतक्या सरळ कोणी विचारला नाही.

आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, पडीक आणि गायरान जमिनी आम्हाला द्या म्हणून. गायरानावर ज्यांनी खरोखर दगड वेचले, खुंट काढले, ज्वारी पेरली, ते मनूच्या आणि लॉकच्या दोघांच्याही व्याख्येत मालक ठरतात. सरकारी कागदात त्यांचं नाव अतिक्रमणदार. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांतली काही वहिवाट नियमित करायचं ठरलं. बाकीच्यांचं कसणं कसण्यात धरलं गेलं नाही.

तिसरं उत्तर विनोबांचं: जमीन कोणाचीच नाही, सबै भूमी गोपाल की. याचीही मुळं जुनी आहेत. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत एक झकास वाद आहे. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचं असतं. मग राजाने पृथ्वीही दान करावी का? उत्तर येतं, नाही, कारण भूमी सगळ्यांना सारखीच; ती राजाची नाहीच तर देणार कुठून? विनोबांनी मात्र देण्याची वाट धरली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर दिले. त्यातून भूदान उभं राहिलं. मागणी पाच कोटी एकरांची होती, मिळाले चाळीस लाखांहून थोडे अधिक, आणि त्यातले पुष्कळ खडकाळ, वादातले किंवा कधीच वाटले न गेलेले. दान घेताना कस बघत नाहीत, हे देणाऱ्यांनी चांगलं ओळखलं होतं.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी या सगळ्यांवर वैतागून म्हणायचे, जमीन कशी वाटायची हे विचारण्याआधी पिकाचा भाव कोण पाडतो ते विचारा. पिकाला रास्त भाव मिळत नसेल तर जमीन वाटणं म्हणजे तोटा वाटणं. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. फक्त ते ज्याच्याकडे विकायला काहीतरी पिकतं त्याचं म्हणणं आहे. रोजाने जाणाऱ्या बाईला कांद्याचा भाव वाढला तर तो आधी तिच्या ताटात दिसतो.

इकडे कुळकायद्याची भीती अजून गेलेली नाही. कूळ लागेल म्हणून मालक लेखी काही देत नाही. बटई, अर्धेली, खंड, सगळं तोंडी, आणि दरवर्षी रान बदलून. म्हणजे ज्या कायद्याने एका पिढीच्या कसणाऱ्याला मालक केलं, त्याच्याच धाकाने पुढच्या पिढीचा कसणारा कागदावरून नाहीसा झाला. पीककर्ज, विमा, गारपिटीची भरपाई, सगळं सातबारा ज्याच्या नावाचा त्याच्या खात्यात. जुन्या बारा नंबरच्या नमुन्यात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ आणि ‘रीत’ असे रकाने असायचे. बटईवाल्याचं नाव तिथे चढू नये म्हणून किती खटपटी चालायच्या!

ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. मोबाइलवर ॲप उघडायचं, रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. मालक शहरात असतो, फोटो काढायला बटईदारच जातो. सोयाबीनच्या ओळीत उभा राहून तो गट नंबर निवडतो, पेऱ्याचं क्षेत्र भरतो. खातेदाराच्या नावाखाली मालकाचं नाव आधीच आलेलं असतं. तो फोटो काढतो आणि पाठवतो.